आईचा अंगठा मशीनला का दिसत नाही?

त्वचा, केस, नखं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हापासून विड्या वळते. हल्ली रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, रेघाच गेल्यात. खरंच जातात का? परत येतात का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : ताई, रेघा गेल्या नाहीत, झिजल्यात. विडी वळणाऱ्या बायका माझ्याकडे खाजेसाठी येतात. बोटं मीच मागून बघतो. अंगठा आणि तर्जनीची टोकं गुळगुळीत, चकचकीत. कारण उघड आहे. ओलसर पान, आत तंबाखू, चिमटीत धरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड नखानं दुमडायचं. हजार विड्या म्हणजे हेच हजार वेळा, आणि घासली जातात ती तीच दोन-तीन बोटं.

वरच्या त्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होतात. वर सरकता सरकता त्यांच्यात केराटिन नावाचं कडक प्रथिन भरतं, त्या मरतात, चपट्या होतात आणि गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, उतारवयात त्याहून जास्त. आईच्या बोटांवर भर पडते त्यापेक्षा झीज जोरात आहे, एवढंच. त्यात तळहाताला तेलग्रंथी नसतात. तिथं फक्त घामाच्या ग्रंथी, आणि त्यांची तोंडं या रेघांच्याच माथ्यावर उघडतात. म्हणून तिथली त्वचा लवकर कोरडी पडते, आणि कोरडं बोट मशीन नीट वाचत नाही.

पण नक्षी कुठं असते? वरच्या पापुद्र्यात नाही. ती खालच्या त्वचेच्या उंचवट्यांवरून ठरते आणि गर्भात सहाव्या महिन्यापर्यंत पक्की होते. जुळ्या भावंडांचीही एकसारखी नसते. आपल्या चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, तसंच हे. खोल भाजलं किंवा मोठा व्रण पडला तरच ती कायमची बिघडते.

१८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. हातावरून माणूस ओळखण्याची सरकारी रीत पुढं तिथूनच वाढली. हातांनीच पोट भरणाऱ्यांची बोटं झिजतात, हे मात्र मशीन बनवणाऱ्यांना अजून नीट कळलेलं दिसत नाही.

काही आठवडे काम थांबवलं तर रेघा पुन्हा उठून दिसतील. पण मजुरी बुडवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? रात्री हात साबणानं स्वच्छ धुऊन बोटांना पेट्रोलियम जेली चोळा. दगडानं, लिंबानं घासू नका. दुकानात बोट ओल्या फडक्यानं पुसून मग ठेवा. अंगठ्याचाच हट्ट नको, आधारला दहाही बोटांची नोंद असते; अनामिका, करंगळी लावून बघा. नाहीच जमलं तर आधार केंद्रात ठसे नव्यानं द्या. शिवाय रेशन कार्डावर नाव आणि आधार जोडलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठाही चालतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं केस गळतात. गोटा केला तर दाट येतील का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नाही. दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत काय ते त्वचेखालच्या मुळाशी. तिथं वस्तरा पोचत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं आणि केस दाट झाल्यासारखे वाटतात. जड पाण्यानं केस रखरखीत होतील, तुटतीलही, पण मुळाला काही होत नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागं सरकत असतील तर आधी वडिलांचं, मामांचं डोकं बघा. आणि एप्रिलमध्ये गोटा करून सोलापुरात फिरायची हौस असेल तर टोपी घ्या.

प्रश्न : मुलीच्या नखांवर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियमची गोळी देऊ का?

उत्तर : नको. नख तयार होतं तिथं, मुळाशी, बारीकसा मार लागला की असे ठिपके उठतात. बोटाचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, त्याच्याबरोबर ठिपका पुढं सरकतो आणि कापला जातो. मोठ्या माणसांपैकी कुणाच्या एकाच नखावर काळपट उभी रेघ नव्यानं आली असेल आणि ती रुंद होत असेल, तर मात्र वाट न बघता त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.