तीन कला एकदम शिकल्या तर मूल गोंधळतं का?

"मॅडम, कराटे, ज्युडो आणि आयकिडो, तिन्ही एकदम! पोराच्या डोक्याचा भुगा होणार नाही ना?" रत्नागिरीजवळच्या गावातली आई विचारत होती. मुलगा नऊ वर्षांचा. खेळता खेळता त्याने आतेभावाला अंगणात ज्युडोची फेक घातली. खाली चिरे. पडताना आतेभावाने हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. तेव्हापासून मुलगा क्लासला जात नाही. वडिलांचं म्हणणं, सगळंच बंद करा.

एकाहून जास्त कला शिकण्याने मूल गोंधळत नाही. आजीशी मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी हे कोकणातलं पोर सहज सांभाळतं, कारण माणसं आणि जागा वेगळ्या असतात. इथे त्या वेगळ्या नव्हत्या. वेळापत्रक पाहिलं तर आठवड्यात तीन दिवस, रोज एक तास, त्यात प्रत्येक कलेला वीस मिनिटं. कराटेत अंतर राखायचं, एक हात ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी ओढायची, सरावात अंगाला लागण्याआधी थांबायचं. ज्युडोत कॉलर आणि बाही धरून भिडायचं, फेक पुरी करायची. आयकिडोत अंगावर चालून येणाऱ्याच्या रेषेतून बाजूला सरायचं. वीस मिनिटांत अंगाची सवय बदलत नाही. हा कराटेत बाही धरायचा नि ओरडा खायचा. ज्युडोत ताठ उभा राहायचा नि लगेच पडायचा. "मला काहीच येत नाही," असं तो म्हणाला ते यामुळे. त्यात कराटेत पिवळा बेल्ट आणि ज्युडोत अजून नवशिक्याचा पांढरा, म्हणजे त्याच्या लेखी नापासच.

क्लासच्या सरांशी बोलून सहा महिने ज्युडो मुख्य ठेवला. कराटे वेगळ्या दिवशी, फक्त मूळ हालचाली आणि एक काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. आयकिडो तूर्त थांबवला; त्यातले मनगट-कोपराचे पीळ या वयात घाईने शिकवू नयेत.

ज्युडोच का? कारण त्यात पडणं आधी शिकवतात. क्रम असा: प्रथम पाठीवर निजून, मग उकिडवं बसून, शेवटी उभ्याने. हनुवटी छातीशी, नजर बेल्टच्या गाठीवर, पाठ गोल. पाठ टेकताना दोन्ही हात तळव्यासकट मॅटवर आपटायचे, अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर. हात खांद्याच्या रेषेत पसरले तर खांदा दुखावतो, कोपर आधी टेकलं तर कोपर, नजर वर गेली तर डोकं आपटतं. आणि मागे हात टेकून स्वतःला सावरायला गेलं की अंगाचा सगळा भार मनगटावर. आतेभावाचं हेच झालं. त्याला पडायला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून फेक फक्त मॅटवर, सरांसमोर, आणि ज्याला पडता येतं त्यालाच. हा नियम मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून दारामागे चिकटवला. प्लास्टर असेपर्यंत आतेभावाचं दप्तर त्यानेच वाहिलं. माफी मागायला लावण्यापेक्षा हे बरं.

वडिलांची शंका वेगळीच निघाली: "मग स्पर्धा कधी?" जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या ज्युडोत गळा आवळणं आणि सांधे पिळणं याला बंदी आहे. मोठ्यांची जिंकण्याची हाव मुलांच्या अंगाशी येते म्हणून तिथल्या ज्युडो महासंघाने २०२२ मध्ये या वयाची देशपातळीवरची वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. हे ऐकल्यावर त्यांनी विषय लांबवला नाही.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. दमट हवेत मॅट खालून ओलसर राहतात, फरशीवर सरकतात आणि फटीत पाय मुरगळतो. क्लास संपल्यावर मॅट पुसून भिंतीला उभे करा. जाड ड्रेस दोन दिवसांत वाळत नाही, म्हणून दुसरा जोड हवाच. ओल्या कपड्यात नायटा होतो आणि एकाचा दहाजणांना लागतो.

प्लास्टर निघालं, हाडांच्या डॉक्टरांनी होकार दिला, तसा आतेभावही पडण्याच्या धड्याला बसू लागला. संध्याकाळी दोघं पडवीत गादी टाकून उकिडवे बसतात आणि मागे पडतात. पडायला घरी मुभा आहे, फेकायला नाही.