ईमॅक्स फाइलचं नाव का सांगत नाही?

प्रश्न : ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधे कंट्रोल-एच आणि मग एफ दाबून ‘नेक्स्ट-लाइन’ या फंक्शनची माहिती विचारली की ‘सिंपल डॉट ईएल’ असं फाइलचं नाव येतं. पण ‘कार’ विचारलं की नुसतं ‘सी सोर्स कोड’, आणि त्यावर क्लिक केलं तर कुठलातरी फोल्डर मागतं. इन्स्टॉलेशन गंडलंय का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : काही गंडलेलं नाही हो, उगाच परत टाकत बसू नका. ईमॅक्सचा बराचसा भाग लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलाय आणि त्या फाइली सोबतच येतात, म्हणून तिकडे नाव लगेच दिसतं. ‘कार’ (चारचाकी नाही, यादीतला पहिला घटक काढणारं फंक्शन) मात्र सी भाषेतलं, ते कंपाइल होऊन (मशीनच्या भाषेत उतरून) बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलीत गेलं आणि मूळ सी फाइल तुमच्या मशीनवर बहुतेक आलीच नाही.

मग ते कुठल्या फाइलीतलं हे ईमॅक्सला कळतं कसं? बिल्ड होताना, म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम बनताना, ‘डॉक’ नावाची एक फाइल तयार होते, तिच्यात फंक्शनांची वर्णनं असतात आणि कुठलं फंक्शन कुठल्या ऑब्जेक्ट फाइलीतून (सी फाइल कंपाइल करून बनलेल्या) आलं तेही, जसं ‘डेटा डॉट ओ’, त्यावरून ‘डेटा डॉट सी’ ओळखायचं, बस. गंमत अशी की बऱ्याच व्हर्जनमधे ही डॉक फाइल आधीपासून उघडलेली नसते, म्हणून पहिल्यांदा मोघम ‘सी सोर्स कोड’, आणि एकदा क्लिक केलंत की पुढच्या वेळी तिथेच ‘एसआरसी/डेटा डॉट सी’ दिसायला लागतं. माझ्या मते हा जरा आळशीपणाच आहे, नवा माणूस घाबरणारच की.

फोल्डर मागतं ते सोर्ससाठी. ग्नूच्या (ईमॅक्स ज्यांचं आहे त्या प्रकल्पाच्या) साइटवरून तुमच्याच व्हर्जनचा सोर्स उतरवा आणि आतला ‘एसआरसी’ फोल्डर दाखवा, बाहेरचा नाही, मी पहिल्यांदा बाहेरचा दिला आणि ‘फाइल उपलब्ध नाही’ वाचत अर्धी संध्याकाळ घालवली, समोरचा चहा पार गार. रोज विचारायला नको असेल तर ‘फाइंड-फंक्शन-सी-सोर्स-डिरेक्टरी’ या व्हेरिएबलला तो पत्ता इनिट फाइलीत (ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) देऊन टाका. व्हर्जन दुसरं असलं तरी फाइल बहुतेक उघडते, पण मग वाचताय तो कोड तुमच्याकडे चाललेलाच असेल असं नाही.

उघडल्यावर कर्सर ‘डीफन’च्या ओळीवर (सी मधे फंक्शनची व्याख्या सुरू होते तिथे) येतो, तिथे ‘कार’पुढे १, १, ० असे आकडे दिसतील. कमीत कमी एक आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची किंमत), जास्तीत जास्त एक, आणि शून्य म्हणजे ते कमांड म्हणून चालवायचं नाही, म्हणूनच एम-एक्स करून (नाव टाइप करून कमांड चालवायची ती सोय) ‘कार’ चालत नाही.