निळं केंद्रक भित्तीबाहेर का दिसतं?

प्रश्न : द्राक्षाच्या पानावरची भुरी प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आहे. बुरशीची भित्तिका हिरव्या रंगद्रव्याने आणि केंद्रकं डॅपी या रंगद्रव्याने निळी रंगवली. कॅमेरा कृष्णधवल आहे. क्यूबची, म्हणजे प्रत्येक रंगासाठीच्या फिल्टर-ठोकळ्यांची, चकती हाताने फिरवून दोन फोटो घेतले आणि एकावर एक ठेवले, तर निळी केंद्रकं तंतूच्या बाहेर, डावीकडे दिसतात. ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) बिघडलं असेल का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ऑब्जेक्टिव्हला इतक्यात दोष देऊ नका. मधोमध रंग जुळतात आणि कडेकडे फाकत जातात, असं असेल तरच ते भिंगाचं वर्णविपथन. फोटोभर सरकणं सारखंच, एकाच दिशेला असेल तर संशय क्यूबवर किंवा स्टेजवर.

तपासणी भुरीवर करू नका. तिथे दोन रंग मुळातच वेगळ्या जागी आहेत. सगळ्या रंगांत चमकणारे टेट्रास्पेकचे मणी उत्तम, पण महाग. जास्वंदीचे परागकण ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप लावा. ते न रंगवताही निळ्या-हिरव्यात चमकतात आणि काट्यांची टोकं खुणेला सोयीची पडतात.

आता निळा, हिरवा, पुन्हा निळा असे फोटो घ्या. दोन निळे जुळले नाहीत तर चकतीला हात न लावता, तेवढ्याच अंतराने आणखी दोन निळे घ्या. तेही सरकले तर स्टेज किंवा नमुना हलतोय. जुळले तर चकती दर वेळी त्याच जागी बसत नाही.

दोन्ही निळे जुळले आणि हिरवाच सरकलेला असेल तर ऑब्जेक्टिव्ह बदलून पाहा. २०एक्सवर आणि ४०एक्सवर सरकणं तितकेच पिक्सेल आलं की क्यूब सापडला म्हणा, कारण प्रकाशाच्या वाटेत तो ऑब्जेक्टिव्हनंतर येतो. फिल्टरची काच पाचरीसारखी किंचित तिरकी असली की किरण वळतो. कॅमेऱ्यावर प्रतिमा उमटवणारी ट्यूब लेन्स २०० मिमीची असेल आणि तिच्याआधी किरण अंशाचा साठावा भाग वळला, तरी कॅमेऱ्यावर ५८ मायक्रोमीटर सरकतो, ६.५ मायक्रोमीटरच्या पिक्सेलचे जवळजवळ ९ पिक्सेल! क्यूबमधला उत्तेजक फिल्टर (दिव्याचा रंग निवडणारा) मात्र निर्दोष, तो दिव्याच्या वाटेवर असतो.

एकेका क्यूबचा उत्सर्जन फिल्टर (नमुन्याची चमक कॅमेऱ्याकडे सोडणारा) त्याच्या खोबणीत ९० अंश फिरवून पुन्हा फोटो घ्या. सरकण्याची दिशाही वळली तर दोष त्याचाच, नाहीतर डायक्रोइकचा, म्हणजे क्यूबमधल्या रंगानुसार प्रकाश वेगळा करणाऱ्या आरशाचा. डायक्रोइकला बोट लावू नका, लेप खरवडला जातो.

नवा क्यूब घेण्याआधी फिजी या फोटो-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रान्सलेट’ (फोटो सरकवणं) वापरून पाहा. सरकणं रोज तेवढंच असेल तर परागकणांवर मोजलेला आकडा सगळ्या फोटोंना चालतो. चकतीच ढिली असेल तर प्रत्येक बैठकीत परागकणांचा फोटो आधी काढावा लागेल. रंगाची तीव्रता मोजायची असेल तर पूर्ण पिक्सेलनेच सरकवा आणि इंटरपोलेशन बंद ठेवा, नाहीतर शेजारच्या पिक्सेलचे आकडे एकमेकांत मिसळतात.