आठ पट्टे, मांजरपाट आणि मीठ

प्रश्न : पुण्याच्या प्राइड मिरवणुकीसाठी एलजीबीटीक्यू समुदायाचा १९७८चा मूळ आठरंगी इंद्रधनुषी झेंडा घरीच रंगवून शिवायचा आहे. कापड मलमलच घ्यायचं ना? आणि आठाचे सहा पट्टे का झाले?

उत्तर : मलमल नको. अमेरिकेत ‘मस्लिन’ म्हणजे आपला मांजरपाट, कोरं जाडसर सुती कापड, तिथेच गफलत होते. सॅन फ्रान्सिस्कोत २५ जून १९७८ला फडकलेले दोन्ही झेंडे त्याचेच, ३० बाय ६० फुटांचे. श्रेय एकट्या गिल्बर्ट बेकर या कलाकाराला मिळतं, पण रंगाईत लिन सेगरब्लॉम आणि शिवणीत जेम्स मॅक्नमारा यांचा हात मोठा, शिवाय तीसेक स्वयंसेवक. रंगवलेलं कापड खळबळायला ते रात्री सार्वजनिक लाँड्रीत गेले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कपडे गुलाबी होऊ नयेत म्हणून यंत्रांत ब्लीच फिरवून आले.

तुम्ही ४ बाय ८ फुटांचा करा. मांजरपाट रात्रभर भिजवून खळ काढा. खळ राहिली की डाग पडतात. वाळवून मगच कापा, नाहीतर पट्टे आटतील. प्रत्येक पट्टा ७ इंच रुंद, साडेआठ फूट लांब. शिवणीत एक इंच जातो. एका पट्ट्याला दीड लिटर पाणी, २-३ ग्रॅम रिअ‍ॅक्टिव्ह रंग (सुती कापडाचा), ७५ ग्रॅम मीठ. मिठामुळे रंग पाण्यात न रेंगाळता सुताकडे ओढला जातो. अर्ध्या तासाने २० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून घाला, आणखी तासभर हलवत राहा. रंग पक्का होतो तो सोड्याने. फिरोजी मात्र गार पाण्यात फिका राहतो, त्याला पाणी चांगलं गरम हवं. लाल आणि गुलाबी कढत साबणाच्या पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. पहिल्या पावसात पिवळ्यावर ओघळ येतात ते या धुण्यातल्या आळसामुळे.

वरून क्रम : गडद गुलाबी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, फिरोजी, गडद निळा, जांभळा.

नोव्हेंबर १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क यांची हत्या झाली आणि झेंड्यांची मागणी एकदम वाढली. तेवढं गडद गुलाबी कापड बाजारात नव्हतं. झेंड्यात प्रत्येक रंगाला अर्थ होता, गुलाबीचा लैंगिकता; तो रंग गेला तो असा, कोणाच्या सोवळेपणामुळे नव्हे. उरले सात. १९७९मध्ये तिथल्याच मार्केट स्ट्रीटच्या दिव्यांच्या खांबांवर लावताना खांबाच्या दोन्ही बाजूंना सारखे पट्टे यायला सम संख्या सोयीची, म्हणून फिरोजीही गेला.

प्रश्न : मूळ झेंडा कुठे पाहता येईल?

उत्तर : एका झेंड्याचा सुमारे १० बाय २८ फुटांचा तुकडा २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीकडे, म्हणजे या समुदायाचा इतिहास जपणाऱ्या संस्थेकडे आला. बाकीचा भाग ओलीने गेला होता.