‘आय वॉन्ट टू ईट युअर पॅनक्रियाज’ (म्हणजे ‘मला तुझं स्वादुपिंड खायचंय’) हा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपट, बघण्यासारखा आहे का? नाव ऐकूनच कसंतरी होतं.

नावावर जाऊ नका, हॉरर अजिबात नाही. आपला जो अवयव बिघडलाय, तोच प्राण्याचा खाल्ला की बरं वाटतं, अशी एक जुनी समजूत, नाव त्यावरूनच. स्वादुपिंडाच्या आजाराने फार दिवस न उरलेली साकुरा ती हसत हसत सांगते. तिची डायरी हॉस्पिटलात एका घुम्या वर्गमित्राच्या हाती लागते, तिथून सुरुवात. २०१८ चा सिनेमा, योरु सुमिनोच्या कादंबरीवरचा.

सुरुवातीला साकुराची बडबड जरा अति वाटते (मला वाटली). पण फुकुओकाच्या हॉटेलात तो तिची बॅग उघडतो आणि आत इंजेक्शनं नि गोळ्यांचा ढीग दिसतो, तिथे घशात आवंढा येतो. नक्की बघा. फक्त शेवट आधी वाचू नका, आणि रुमाल जवळ ठेवा.