सगळं मलाच करावं लागतं, कोणी ऐकतच नाही

“मॅडम, माझ्यात लीडरशिपच नाही. स्टेजवर गेलं की घसा कोरडा पडतो, आणि कोण माझं ऐकत पण नाही.” बेळगावच्या कॉलेजांतली मुलं वर्षभर ही तक्रार घेऊन येतात. खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून आलेली जास्त. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत मराठी, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आणि वर्गात आजूबाजूला कन्नड. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: भाषणाचा कुठला क्लास लावू? आपल्याकडे पुढारी म्हटलं की माइक, हार आणि मंडप एवढंच डोळ्यांपुढे येतं, त्याला मुलं तरी काय करणार! माझ्या मते भाषण हा यातला सगळ्यात किरकोळ भाग. एका मुलीबद्दल सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातली, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची. सकाळची बस, हातात पास, संध्याकाळी घरी. कॉलेजात एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला नाव दिलेलं. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकांनी वर्षाला १२० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या शिबिरात सरांनी हिला एका गटाची प्रमुख केलं. पोरगी कामाला वाघ. गटाची हजेरी, स्वयंपाकाचं सामान, शाळेच्या भिंतीचा रंग, संध्याकाळचा कार्यक्रम, सगळं हिच्या अंगावर. चौथ्या दिवशी तापानं पडली आणि हिच्या गटाचं काम जागच्या जागी थांबलं. रंग कुठं ठेवलाय हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझा गट कुठं आहे? तू एकटीच दिसतेस.” ते तिला फार लागलं.

मी तिला १९३९ सालचा एक प्रयोग सांगितला. कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले. काही गटांचा प्रमुख नुसते हुकूम सोडायचा, काहींचा मुलांना विचारून ठरवायचा, काहींचा कशातच लक्ष घालायचा नाही. हुकूमवाला प्रमुख खोलीबाहेर गेला की मुलांचं काम पडायचं, विचारून चालणाऱ्याच्या गटाचं बऱ्यापैकी सुरू राहायचं. ऐकून ती म्हणाली, “म्हणजे मी हुकूमशहा?” मला हसू आलं. हुकूमशहा निदान हुकूम तरी देतो. हिनं तेही केलं नव्हतं.

“कुणाला काय काम सांगितलं होतंस?” असं विचारल्यावर तिनं मोबाईल काढून गटाचे मेसेज दाखवले. ‘कोणीतरी प्लीज भांडी घासायला या.’ ‘रंगाचं काम राहिलंय, बघा जरा.’ एकाही मेसेजमध्ये कुणाचं नाव नाही, वेळ नाही. पाच मिनिटं वाट बघायची आणि स्वतःच झाडू उचलायचा. सगळ्यांना उद्देशून सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. हे घरच्या लग्नातही दिसतं.

झाडू उचलण्याआधीच्या त्या पाच मिनिटांवर आम्ही बराच वेळ घालवला. त्या वेळी मनात काय येतं? सुरुवातीला ती म्हणायची, “काही नाही, वेळ वाया जातोय असं वाटतं.” हळूहळू दुसरं बाहेर आलं. नाव घेऊन विचारलं आणि समोरचा नाही म्हणाला तर? कन्नडमध्ये विचारताना चुकले आणि हसले तर? त्यापेक्षा कंबर मोडलेली बरी. आणखी एक होतं, ते सांगायला तिला सगळ्यात जड गेलं: एकटीनं केलं की लोक ‘किती कष्टाळू पोरगी’ म्हणतात, ते तिला आवडतं. घरात ती थोरली. आई शेतात, धाकटी भावंडं हिच्याकडे, न सांगता कामं केली की शाबासकी. थोरल्या मुलींना आपण असंच घडवतो आणि नंतर त्यांना कामं वाटून देता येत नाहीत म्हणून बोल लावतो, याचा मला राग येतो.

स्वतःला ओळखण्यासाठी मी ‘जोहारी खिडकी’ वापरते. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ती मांडली. चार चौकटींपैकी एका चौकटीत आपल्याबद्दल इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही ते येतं. तिथं काय आहे हे दुसऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिला दोघींना विचारायला सांगितलं. गटातल्या कन्नड मैत्रिणीचं उत्तर तिला हादरवून गेलं: “तुला आमचं काम पसंत पडत नाही असं आम्हाला वाटायचं. म्हणून आम्ही लांब राहिलो.” हिला वाटत होतं ते आळशी आहेत!

दुसरी होती आई. ती गावातल्या स्त्रीशक्ती संघाची प्रतिनिधी. दर आठवड्याला बायकांकडून बचतीचे पैसे गोळा करते, स्टेजवर आयुष्यात गेलेली नाही. लेकीनं विचारलं, तुला मागायला लाज वाटत नाही? आई म्हणाली, “नाव घेऊन मागायचं. नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात परत मागायचं. त्यात काय गं?” माझ्या पुस्तकांपेक्षा हे लवकर पोचलं.

मग सराव. रोज एका माणसाला, नाव घेऊन, एक काम, कधीपर्यंत तेही सांगून. नोट्स मागायच्या, बसमध्ये बॅग धरायला सांगायची, तेही शक्यतो कन्नडमध्ये. नकार आला की वहीत लिहायचा. वहीत नकार तिला वाटले होते त्याहून बरेच कमी निघाले. कन्नड चुकायची, समोरचा सुधारून सांगायचा आणि काम करायचा.

अवघड गेलं ते पुढचं: दुसऱ्यानं केलेलं काम पुन्हा न करणं. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात नोंदणीचं टेबल तिनं एका मुलाकडे दिलं. रांग वाढली. ती दारात उभी, हात शिवशिवत होते. मुलानं थोड्या वेळानं स्वतःच शेजारच्याला बसवून दुसरी वही सुरू केली. “मी असते तर एकटीनंच लिहीत बसले असते,” असं ती मला सांगत होती.

प्रत्येक अबोल मुलाचं कारण हेच असेल असं नाही. कोणी वर्गात जायलाच घाबरतं, झोप-जेवण बिघडतं, आठवडेच्या आठवडे मन उदास राहतं. अशा वेळी नेतृत्वाचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क आहे.

स्टेजवर तिचा घसा अजून कोरडा पडतो. त्याची तिला आता फारशी फिकीर नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गातल्या पोरांना ती नाव घेऊन काम सांगते, पण सरांनी “तूच कर गं, तुझ्याशिवाय कोण करणार” म्हटलं की नाही म्हणता येत नाही. सध्या आम्ही त्यावर बोलतोय.