अबेमासिक्लिब आणि जुलाब: पहिला महिना कसा निभवायचा

तू आईचे स्तनाच्या कॅन्सरचे रिपोर्ट नीट लिहिलेस ते बरं झालं. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा आजार), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं नाही), काखेतल्या ५ गाठींत आजार, ऑपरेशन-किमो-रेडिएशन उरकलेलं, लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू आणि आता जोडीला कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी अबेमासिक्लिब, १५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, २ वर्षं. माझंही जवळपास असंच होतं आणि माझा कोर्स पूर्ण झालाय. तुझे प्रश्न दोन: एवढे जुलाब होतात तर गोळी घ्यायचीच कशाला, आणि घ्यायचीच तर त्याच गटातली स्वस्त गोळी पाल्बोसिक्लिब का नको?

पाल्बोचं आधी. २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर ती आपल्याकडे बरीच स्वस्त झाली, आणि आजार अंगात दुसरीकडे पसरलेल्यांना तिचा उपयोगही होतो. पण तुझ्या आईसारख्या, ऑपरेशनने आजार काढून टाकलेल्या बायकांसाठी तिच्या पालास आणि पेनेलोप-बी अशा दोन मोठ्या चाचण्या झाल्या. नुसत्या हार्मोनच्या गोळीपेक्षा जास्त फायदा दोन्हींत दिसला नाही. तेव्हा 'एकच औषध आहे हो' असं मेडिकलवाला म्हणाला तरी बदलून घेऊ नकोस. अबेमासिक्लिबच्या मोनार्क-ई चाचणीत ५ वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ८३.६ टक्के होतं, नुसत्या हार्मोनच्या गोळीवर ७६ टक्के. शंभरात सात-आठ बायका. मला तरी हा फरक थोडका वाटला नाही.

आता जुलाब. ते होणारच असं धरून चाला. चाचणीत ८० टक्क्यांहून जास्त बायकांना झाले, बहुतेकींना सौम्य ते मध्यम, आणि सुरुवात पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच. पुढे जोर ओसरतो. गोळी सुरू करायच्या आधीच लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी घरात आणून ठेव आणि किती घ्यायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. पहिल्याच पातळ शौचाला ती घ्यायची. आपल्याकडे 'पोट साफ होतंय, होऊ दे' म्हणत दिवसभर वाट बघतात आणि रात्री सलाईन लावायला पळतात. सासूबाई माझ्यासाठी त्रिफळा चूर्ण घेऊन आल्या होत्या, ते मी तसंच फडताळात ठेवून दिलं. मऊ भात, ताक, केळं, मिठाचं वरण मला चाललं. दूध, उसळी आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी अजिबात नाही. मीठ-साखरेचं पाणी सतत जवळ हवं. पहिला महिना लांबचा प्रवास टाळा, आणि जायचंच झालं तर आईला साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला सांग. एसटी स्टँडच्या स्वच्छतागृहात निऱ्या सावरत घाई करावी लागली की कारण कळतं.

एवढं करूनही आवरेना तर डोस कमी करतात, १५० वरून १००, तिथून ५०. माझा १०० केला तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे पडले, आता उपचार अर्धवट राहणार म्हणून. पण त्याच चाचणीत डोस कमी कराव्या लागलेल्या बायकांचा फायदा घटलेला दिसला नाही. त्रास सोसत बसून शेवटी वैतागून गोळी सोडण्यापेक्षा कमी डोस कधीही बरा. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून ठेव. आमच्याकडे पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर घाईत असतात.

आणखी एका गोष्टीवर घाबरगुंडी उडते ती आधीच सांगते. किडनीचं काम बघायला रक्तात क्रिएटिनिन तपासतात, माझं ०.८ चं १.१ झालं. नात्यातल्या एकांनी किडनी गेली म्हणून डाळ बंद करायला लावली. या औषधाने क्रिएटिनिन बाहेर टाकायचा मूत्रपिंडातला एक मार्ग अडतो, त्यामुळे आकडा वाढतो. गाळण्याचं काम चालूच असतं. शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करून डॉक्टर खात्री करतात. मात्र जुलाबाने अंगातलं पाणी गेलं तर किडनीला खरोखरच त्रास होऊ शकतो, म्हणून आकडा वाढला की आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

लगेच फोन करायचा तो यासाठी: १००.४ च्या वर ताप, कारण पांढऱ्या पेशी कमी होतात. एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं, कारण रक्ताची गुठळी. आणि नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला किंवा दम. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढचे दोन महिने महिन्याला रक्त तपासतात, त्यात लिव्हरही बघतात. ग्रेपफ्रूट बंद, पपनसही मी टाळलं. बुरशीसाठी किटोकोनॅझोलच्या गोळ्या कुणी लिहून दिल्या तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

गोळी जेवणाआधी की नंतर, हे तू विचारलं नाहीस, पण आई विचारेलच. कशीही चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवायची. मला जेवणानंतर मळमळ कमी व्हायची. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा दुसरी द्यायची नाही, पुढची तिच्या वेळेलाच.